खुराडं लपवता येतं हो, पण आधी वास लपवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला रो हाऊस, मागं १२ बाय २० ची मोकळी जागा, दोन्ही बाजूला ५ फुटी कंपाऊंड, डावीकडच्यांची वरची गॅलरी थेट तुमच्या परसात बघते, सहा कोंबड्या ठेवायच्यात आणि खुराडं असं हवंय की शेजाऱ्यांना ते खुराडं आहे हेच कळू नये. मी कराडला असते, २००९ पासून घरामागं कोंबड्या आहेत, कधी चार कधी अकरा, आणि सुरुवातीला मलाही अगदी हेच हवं होतं. त्यामुळं माझं कसं कसं फसलं ते आधी सांगते, तुमचे पैसे वाचतील.

माझं पहिलं खुराडं म्हणजे जुनं लाकडी कपाट. सासूबाईंच्या वेळचं, जाड फळ्यांचं. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं, वरनं कंपाऊंडचाच रंग मारला, दाराला खाली-वर रुपयाएवढी भोकं पाडली, आत कोंबड्यांना बसायला आडवी दांडी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की अडगळीचं कपाट पडलंय. मी स्वतःवर जाम खूश. एप्रिलच्या एका दुपारी लग्नाला गेलो होतो, मांजर फिरतंय म्हणून कोंबड्या आत कोंडून गेलो, संध्याकाळी येऊन दार उघडलं तर पाचातल्या तीन मेलेल्या. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढते, ३५ च्या पुढं पारा गेला की चोच उघडी ठेवून पंख फाकवून बसते आणि ४० ला हवा कोंडलेल्या जागेत तिचं काही खरं नसतं. कपाटाच्या आत किती झालं असेल देव जाणे. म्हणून बंद पेटी, जुना फ्रीज, पत्र्याची टाकी, प्लायवूडचा डबा असलं काही डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. वारा आरपार गेला पाहिजे आणि नजर आरपार जाता कामा नये, सगळं कोडं एवढंच आहे, आणि ते सुटतं, खाली सांगते.

दुसरं खुराडं मी नीट बांधलं, पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली, तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या आणि पुढं वेल. चार-पाच महिने गेले, कुणी काही बोललं नाही, मला वाटलं पत्ताच नाही कुणाला. मग एक दिवस शेजारच्या काकू, पक्क्या शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या, गेटवर भेटल्या आणि म्हणाल्या, काय गं, आज तुझीनं लवकर घातलं वाटतं अंडं, रोज मी कुकर लावते तेव्हा ओरडते. म्हणजे बाईंना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं! त्या तक्रार घेऊन कधी आल्या सांगू? त्याच वर्षी जुलैमध्ये. तीन दिवस झड लागली होती, खुराड्यात पाणी गेलं आणि वास त्यांच्या देवघरापर्यंत पोचला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की दिसण्यावरनं फारसं कुणी भांडत नाही, भांडतात वासावरनं, मग माश्यांवरनं, मग आवाजावरनं. दिसणं चौथ्या नंबरला. तुम्ही चौथ्यापासून सुरू करताय, आपण पहिल्यापासून घेऊ.

वासाचं गणित असं. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम शीट टाकते, त्यातलं पाऊण पाणीच असतं. सहा कोंबड्यांची महिन्याला २० किलो धरा. आता ही शीट वाळली तर तिला फारसा वास नाही, हातात घेऊन बघा, मातीसारखी होते. पण ओली राहिली की तिच्यातल्या युरिक ॲसिडचं जिवाणू अमोनिया करतात, नाकाला झोंबतो तो हाच. म्हणजे तुमचा खरा शत्रू शीट नाही, ओल आहे. डोक्यात एवढं एक बसलं की निम्मं काम झालं.

खाली गादी करायची, भाताच्या तुसाची, नाहीतर लाकडाच्या भुशाची, नाहीतर भुईमुगाच्या टरफलांची, जे स्वस्तात मिळेल ते. सुरुवातीला ३-४ इंच, मग वरनं टाकत टाकत ६ इंचापर्यंत नेली तरी चालते. नाशिकला इगतपुरीकडचा तूस सहज मिळावा, भाताचा पट्टाच आहे तो. मूठभर गादी हातात घेऊन दाबायची, मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर ओली आहे, भुसभुशीत सांडली तर ठीक. लाडू होत असेल तर ओला भाग काढून टाका, नवा तूस घाला. उकरत बसायचा कंटाळा असेल तर संध्याकाळी मूठभर ज्वारी गादीत फेकायची, बाया स्वतःच सगळं खालीवर करतात, त्यांना व्यायाम आणि तुम्हाला आराम.

इथं एक गोष्ट सगळे चुकतात म्हणून मुद्दाम लिहिते. वास आला की लोक चुना मारतात. कुणी राख टाकतात. चुन्यानं वरनं कोरडं दिसतं खरं, पण गादी ओली असताना चुना टाकला की अमोनिया आणखी जोरात सुटतो, कारण अल्कली वाढली की तो धरून राहत नाही, हवेत निघतो. मी स्वतः केलंय हे, घाईघाईत, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, आणि पाहुण्यांनी अंगणात चहासुद्धा घेतला नाही. चुना वापरायचाच तर खुराडं पूर्ण रिकामं करून, धुऊन, वाळवून मग भिंतींना मारा. ओल्या गादीवर घालायचंच झालं तर थोडं सुपर फॉस्फेट घाला, ते अमोनिया धरून ठेवतं, शेतीच्या दुकानात मिळतं. पण घालून वर लगेच तुसाचा थर द्या, कोंबड्यांनी ते दाणे टिपायला नकोत. आणि खरं सांगायचं तर गादी कोरडी ठेवली तर यातलं काहीच लागत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे दांडीखालची फळी, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात कामाची वस्तू. कोंबडी दिवसभराची जवळपास निम्मी शीट रात्री दांडीवर बसल्या बसल्याच टाकते. मग दांडीच्या खाली वीतभर अंतरावर एक फळी लावायची, वर थोडा तूस पसरायचा, सकाळी चहा ठेवला की उलथन्यानं ती फळी एका बादलीत खरवडायची आणि झाकण लावायचं. दोन मिनिटं, घड्याळ लावून बघितलंय मी. निम्मी घाण गादीपर्यंत जातच नाही. बादली भरली की कोपऱ्यातल्या खड्ड्यात, एक घमेलं शीट तर तीन घमेली वाळका पाला, वर माती. दोन-तीन महिन्यांनी ते खत होतं, ताजी शीट मात्र झाडाला घालू नका, जळतात झाडं.

पाण्याचं भांडं. उघडं भांडं ठेवलं की एक तरी कोंबडी त्यात पाय देणार, सांडणार, आणि सांडतं ते गादीतच. एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, म्हणजे भांडं मोठं लागतं आणि सांडतंही तेवढंच. निपल लावा, बादलीला भोक पाडून खाली बसवतात ते, चोच लावली की थेंबथेंब पाणी सोडतं, दोन दिवसांत शिकतात प्यायला. पोल्ट्रीच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळतात. आणि छपराला पुढं दोन फूट पाखं सोडा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून आत येतं, खुराड्याची जमीन बाजूच्यापेक्षा फूट-दीड फूट उंच घ्या. माझ्या त्या जुलैच्या फजितीचं कारण हेच होतं, जमीन सपाट ठेवली होती.

वाऱ्याचा विचार पण करा जागा ठरवताना. पावसाळ्यात वारं नैऋत्येकडनं येतं आणि ओलही तेव्हाच जास्त, म्हणजे परसाच्या ईशान्येला ज्यांची खिडकी आहे त्यांना पहिला वास जाणार. तुमच्या डावीकडचे त्या बाजूला येत असतील तर खुराडं उजव्या कोपऱ्यात घ्या, येत नसतील तर मग डावा कोपराही चालेल कारण तो गॅलरीच्या अगदी खाली येतो आणि माणूस कठड्यावरनं वाकून खाली सहसा बघत नाही, समोर बघतो.

माश्या. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तिला लागते ओली शीट. फळी रोज, गादी कोरडी, बादलीला झाकण, झालं, माश्यांवर वेगळं काही करायला लागत नाही.

आता आवाज, आणि इथं मी जरा कडक बोलणार. कोंबडा ठेवू नका. एकही नाही. बऱ्याच जणांना वाटतं कोंबडा नसेल तर अंडी येणार नाहीत, तसं काही नसतं हो, अंडी येतातच, फक्त त्यातनं पिल्लं निघत नाहीत, आणि तुम्हाला खायची आहेत ना? कोंबडा जवळून आरवला तर आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ला ४५ ची मर्यादा आहे. तो आरवतो पहाटे साडेचारला. कुणीतरी सांगेल की काळोखात ठेवा, डालग्याखाली झाका, म्हणजे उजाडलेलं कळत नाही. आपली म्हण आहे ना, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तर झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली हे तपासून दाखवलं, कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं तरी ते आपापल्या आतल्या घड्याळावर पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या एका कोंबड्यावर शेजाऱ्यांनी केस केली होती, २०१९ ला कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला आणि २०२१ ला तर त्यांनी गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा आहे असा कायदाच केला. आपल्याकडं मॉरिस नाही आणि तुमचे शेजारी सकाळी शिफ्टला जाणारे असतील, तेव्हा नाद सोडा.

म्हणूनच बारकी पिल्लं विकत घेऊ नका. टोपलीवाल्याकडनं सहा पिल्लं घेतली की त्यात तीन कोंबडे निघतात आणि मग पोरांनी नावं ठेवलेली असतात, कापवत नाहीत, देववत नाहीत. सरळ चार-साडेचार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्या, तोपर्यंत तुऱ्यावरनं आणि शेपटीवरनं कोण कोण ते स्पष्ट दिसतं.

कोंबड्या काय मुक्या नसतात. अंडं घातल्यावर कोकलतातच, पाच-दहा मिनिटं, आणि एक सुरू झाली की बाकीच्या साथ देतात. पण हा आवाज साधारण माणसं बोलतात तेवढाच असतो आणि बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या मधे, तेव्हा गल्लीत भाजीवाला, स्कूटर, मिक्सर सगळं चालूच असतं. जास्त दंगा होतो तो अंडं घालायला जागा मिळाली नाही म्हणून. एकच खोकं असेल आणि आत एक बसली असेल तर बाहेरची दारात उभी राहून बोंब मारते, अगदी चाळीतल्या नळासारखं. सहा कोंबड्यांना दोन खोकी ठेवा, १२-१२ इंचाची, अंधारी, तोंडावर पोत्याचा पडदा सोडलेली. आणि एक बारीक गोष्ट जी मला तीन वर्षांनी कळली: पत्र्याच्या ताटात खाद्य ठेवू नका. पहाटे सहाला सहा चोची पत्र्यावर टक टक टक, कोंबड्यांच्या ओरडण्यापेक्षा तेच लांब ऐकू जातं. टायरच्या रबराचं घमेलं मिळतं ते घ्या. छप्पर पत्र्याचं असेल तर वर पोती नाहीतर पाचट टाका, आवाजही दबतो आणि उन्हाळ्यात तापतही कमी.

सकाळी कोंबड्या उजाडल्या उजाडल्या बाहेर सोडायच्या नाहीत. आत अंधार असला की त्या गप्प बसतात, सात-साडेसातला दार उघडा. मात्र अंधार करायचा म्हणून वाऱ्याची जागा बंद करू नका, पुन्हा कपाट होईल.

हां, आता दिसण्याचं. यात मला खरंच मजा येते, त्यामुळं जरा लांबेल.

आधी एक काम करा, काहीतरी निमित्त काढून डावीकडच्यांच्या गॅलरीत जा. तिळगूळ, गच्चीवर पापड, पतंग अडकला, काहीही. तिथं उभं राहून तुमच्या परसाचा मोबाईलवर फोटो काढा. आपण खुराडं नेहमी आपल्या स्वयंपाकघराच्या दारातनं बघतो आणि तिथनं झाकतो, शेजारी बघतात वरनं. तुमच्याबाबतीत ५ फुटी कंपाऊंडनं बाजूची नजर आधीच अडवलीय, खुराडं साडेचार फुटाच्या आत ठेवलं की बाजूनं काही दिसतच नाही, सगळा प्रश्न वरच्या नजरेचा आहे.

वरच्या नजरेला औषध म्हणजे मांडव. तोंडलीचा. चार बांबू, वर तारांची जाळी, जून-जुलैत तोंडलीची पेन्सिलएवढी जाड काडी लावा, तीन-चार महिन्यांत वरनं हिरवं छप्पर होतं आणि वेल तीन-चार वर्षं तरी टिकतो. वरनं बघणाऱ्याला तोंडलीचा मांडव दिसतो, आणि मांडवाखाली काहीतरी ठेवलेलं असतंच, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. शिवाय मेमध्ये कोंबड्यांना सावली, आणि मांडवामुळं घारीला आणि शिकऱ्याला झेप घेता येत नाही. आणि तोंडली, ती वाटायला होतात, त्याबद्दल पुढं सांगते. दोडका, कारलं, घेवडापण चालतो पण ते हंगामी, दिवाळी झाली की वेल वाळतो आणि तुमचं गुपित उघडं. मांडवाखालच्या बाजूला वेल दीड-दोन फुटापर्यंत जाळीनं झाका नाहीतर कोंबड्या कोवळी पानं फस्त करतात, माझा पहिला वेल आठवड्यात काडी झाला होता. कडेला झुडपं लावायची तर अडुळसा लावा, मेंदी लावा, अडुळशाला जनावरं तोंड लावत नाहीत. कण्हेर आणि घाणेरी नको, दोन्ही विषारी, कोंबड्या सहसा खात नाहीत पण कोंडलेली कंटाळलेली कोंबडी काय खाईल सांगता येत नाही.

खुराड्याच्या भिंती. वारा जाऊ द्यायचा आणि नजर अडवायची तर माझ्या अनुभवात दोनच गोष्टी चांगल्या. एक, सिमेंटच्या जाळीच्या विटा, जिन्याला आणि गच्चीच्या कठड्याला लावतात त्या. आतल्या बाजूनं अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारेची ताठ जाळी, मारायची. बाहेरनं ते पाण्याच्या मोटारीचं घर नाहीतर गॅसच्या टाक्यांची खोली वाटतं, रो हाऊसमधे अगदी खपून जातं. दुसरी, लाकडी पट्ट्या खिडकीच्या झडपांसारख्या खाली तिरक्या लावायच्या, मधे बोटभर फट. वरनं आणि समोरनं नुसत्या पट्ट्या दिसतात, आतलं काही नाही, आणि वारा मस्त खेळतो. उत्तर आणि दक्षिणेच्या बाजू अशा मोकळ्या ठेवा, पूर्व-पश्चिम भरीव, म्हणजे कलतं ऊन आत येत नाही. दांडीच्या उंचीच्या वर, छपराला लागून, चारी बाजूंनी वीतभर फट हवीच, गरम हवा आणि अमोनिया तिथनं जातो. माप म्हणाल तर आत कोंबडीला ३-४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला ८-१०, म्हणजे तुमच्या सहाजणींना ४ बाय ६ चं खुराडं आणि ६ बाय १० चं जाळीचं अंगण, २० फुटात आरामात बसतं.

रंग कंपाऊंडचाच मारा. फोनवर बघून ते लाल-पांढरं, चिमणी असलेलं, गोंडस घर बांधू नका, सुंदर दिसतं म्हणूनच लोक बघतात. आणि हिरवी शेडनेट तर अजिबात नको. मला माहितीये ती सगळ्यात स्वस्त आहे, पण आपल्याकडं हिरवी नेट दिसली की पहिला प्रश्न, आत काय लावलंय? कुणीतरी उचलून बघतंच. सरपणाची मोळी, फळ्यांचा ढीग, उपड्या कुंड्या पुढं ठेवल्या तर कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या खुराड्यापुढं गेली कित्येक वर्षं एक मोडकी सायकल आहे, भंगारवाला मागतो, मी देत नाही.

खुराड्याच्या छपरावर पक्षी बसतील असं खाद्य सांडू देऊ नका, चिमण्या-कबुतरांचा थवा रोज एकाच जागी उतरला तर तीच पाटी होते. रात्री आत बल्ब लावायचा मोहपण टाळा. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला १४-१६ तास उजेड लागतो, म्हणून हिवाळ्यात लोक बल्ब लावतात, पण परसात रात्री पट्ट्यांमधनं उजेड गळायला लागला की झाकलं काय आणि न झाकलं काय. थंडीत चार अंडी कमी खा.

जाळीवर पैसे वाचवू नका, ती षटकोनी कोंबडीजाळी नावाची जी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, एका झटक्यात फाडतं. मुंगसाला दीड इंचाची फट पुष्कळ झाली. जाळी जमिनीत फूटभर गाडा नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर फरशा ठेवा, घूस तिथंच उकरायला येते आणि जाळी लागली की थांबते. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि संध्याकाळी उरलेलं उचलायचं. उंदीर आले की मागोमाग धामण येते, आणि शेजाऱ्यांच्या परसात साप निघाला तर त्यांना तुमची सहा अंडी आठवणारच, भले मग तो साप नाल्यातनं आलेला असो.

जातीबद्दल थोडक्यात. गावरान काटक पण उडते, तुमचं ५ फुटी कंपाऊंड तिला काहीच नाही, थेट शेजाऱ्यांच्या कोथिंबिरीत. एका पंखाची पुढची मोठी पिसं कात्रीनं निम्मी कापायची, नख कापल्यासारखंच आहे, दुखत नाही, मात्र नवी फुटत असलेली पिसं सोडून द्या, त्यात रक्त असतं. पिसं झडून नवी आली की परत कापायची. कडकनाथ मी एकदा ठेवून बघितली, झाबुआची ती काळी, नाव मोठं पण बुजरी आहे, माणूस दिसला की फडफड आणि आरडाओरड, लपवायच्या कामाची नाही. सगळ्यात शांत मला आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, आणि ऑस्ट्रॉलॉर्प या जाती वाटल्या, जड अंगाच्या, उडत नाहीत. बीव्ही ३८० ही अंड्यांसाठीची संकरित जात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण प्रत्येक अंड्यामागं एक गाणं आहे हे लक्षात ठेवा.

आता शेजारी. सगळ्या गल्लीपासून लपवा, पण भिंतीला भिंत असलेल्या दोन घरांना आधी सांगा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यापासून लपत नाही, काकूंचा किस्सा सांगितलाच. अंडी देऊन शेजारी बांधता येतात म्हणतात, पण शाकाहारी घरात अंडं नेऊन देणं म्हणजे आगीत तेल, तिथं तोंडली न्या, गुलाबाला खत न्या. काकूंची गुलाबं माझ्या कोंबड्यांवर पोसलीत आणि त्या हे अभिमानानं सांगतात. अंडी खाणारे शेजारी असतील तर गावरान अंडी चालतीलच, श्रावण सोडून.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात घरगुती कोंबड्यांचा नियम विचारून घ्या, रो हाऊसची सोसायटी असेल तर उपविधी वाचा. नियमच कोंबड्या ठेवायला मनाई करत असेल तर लपवणं ही पळवाट नाही, कारण कुणी उपद्रवाची लेखी तक्रार केली तर कार्यकारी दंडाधिकारी तो हटवायचा आदेश काढू शकतात, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १३३ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२. तेव्हा तुमची तोंडली कामाला येत नाहीत.

आणि एका बाबतीत लपवणं साफ चूक, आजार. आपल्याकडं बर्ड फ्लू पहिल्यांदा आला तो २००६ ला नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात, तुमच्यापासून काही फार लांब नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतली माणसं माझ्या दारात आली होती, ज्यांना माझ्या मते माहीतच नव्हतं ती. मी सरळ मागं नेऊन दाखवलं, वरनं जाळी, बाहेरचा पक्षी आत येत नाही, मानमोडीची लस कधी दिली ते कॅलेंडरवर लिहिलेलं. गेली परत. ती मानमोडी म्हणजे राणीखेत, तिची आणि कोंबड्यांच्या देवीची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तलंगा घेताना विकणाऱ्याला कुठल्या दिल्या ते विचारून घ्या. एकदम दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या तर गुपचूप पुरू नका, हात लावू नका, दवाखान्यात कळवा.

शेवटचं, कधी आणायच्या. आत्ता पावसाच्या तोंडावर नको, पहिल्याच वर्षी ओल सांभाळता येत नाही. जूनमध्ये तोंडली लावा, पावसाळ्यात पाणी कुठनं आत येतं ते रिकाम्या खुराड्यात बघून दुरुस्त करा, दिवाळीनंतर तलंगा आणा, आणि सहा नको, आधी चार. आणताना संध्याकाळी अंधार पडल्यावर आणा, भोकं पाडलेल्या खोक्यात, आणि थेट दांडीवर बसवा. कोंबडीला रात्री नीट दिसत नाही, जिथं बसवाल तिथं सकाळपर्यंत गप्प बसते. दिवसा आणलीत तर नवी जागा बघून पहिला तासभर अशी ओरडते की मांडव, जाळी, मोडकी सायकल सगळं पाण्यात.